नमुना क्रमांक अकरा

१७ जून १९६८, सोमवार. सकाळी ६.

शाळा आजपासून सुरू. रोजनिशीही आजपासून.

पुण्याचं गणित शिक्षकांचं शिबिर आटोपून शनिवारी आमच्या खापर गावी परतलो. तीन आठवडे, चाळीस शिक्षक. त्यातले एकोणचाळीस जेवणाच्या तक्रारी करत होते. शेवटच्या दिवशी काचेआडून कॉम्प्युटर दाखवला. थंडगार खोली, कपाटांसारखी यंत्रं. बाकीच्यांनी पाहिला आणि चहाला गेले. मी पाहिला आणि ओळखलं, की आपला जन्म सातवी-आठवीची उदाहरणं तपासण्यासाठी नाही.

येताना एक सायक्लोस्टाइल चोपडी मिळाली. फोरट्रान ही यंत्राची भाषा, आणि तिचे बारा नमुने. आपण छापील शीटवर आज्ञा लिहायच्या, त्यांची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची, यंत्र ती कार्डं वाचतं आणि उत्तर कागदावर छापतं. एक ते दहा नमुने बेरीज, सरासरी वगैरे. ते सोडतो. अकरावा नमुना चित्राचा. यंत्र नुसत्या ताऱ्यांच्या खुणांनी आठ पाकळ्यांचं फूल छापतं. तिथूनच सुरुवात.

आधी फूल, मग महाराष्ट्राचा नकाशा. दिवाळीपर्यंत दोन्ही.

१९ जून.

अडचण एकच. कॉम्प्युटर मुंबईत आहे. आपल्या शाळेत अजून वीज नाही.

उपाय सापडला. छगन. आपल्या शाळेचा जुना विद्यार्थी. नववीत गणितात मीच त्याला नापास केला होता. आता मुंबईत एका संशोधन संस्थेत कार्डांना भोकं पाडायच्या कामावर आहे. टेम्पररी. मी नापास केलं म्हणूनच ईर्ष्येनं शिकला असणार. त्याची आई कालीबाई बाजारात भाजी विकते. तिला वाचता येत नाही, छगनची पत्रं माझ्याकडूनच वाचून घेते. म्हणजे आपला त्या घराशी ऋणानुबंध आहे.

छगनला पत्र टाकलं. गुरूचं काम करण्याची संधी देत आहे, असं लिहिलं.

३० जून, रविवार.

छगनचं उत्तर. बाहेरची कामं यंत्रावर घालायची परवानगी नसते, पण ऑपरेटर मित्र आहे, दुपारच्या सुट्टीत बसवून घेऊ. "सर, तुम्ही पाठवा." कोऱ्या कोडिंग शीटा सोबत पाठवल्यात. शेवटी लिहितो, की सर, आधी नमुना एक करून पाहिला तर बरं, सवय होते.

नववीत नापास झालेला मुलगा मला सवय शिकवतो. हसून सोडून दिलं.

७ जुलै, रविवार.

बेचाळीस ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. माझं इंग्रजी अक्षर खानदेशात तरी दुसऱ्या कुणाचं नसेल. छापून आल्यावर कुणाला खरं वाटणार नाही, की हे खापरला झालं. उद्या रजिस्टर पोस्टानं.

मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. ते येत्या एप्रिलात निवृत्त होतात. त्यांच्या जागी कोण, हे संस्थेचे अध्यक्ष जेठमलशेठ ठरवणार. ज्येष्ठतेनं मीच. पण आजकाल ज्येष्ठतेसोबत काहीतरी दाखवावंही लागतं. मी काय दाखवणार ते आता ठरलं आहे.

२८ जुलै.

निकाल आला. एक लांबलचक कागद. फूल नाही. बेचाळीस ओळी आणि बेचाळीस चुका.

छगन लिहितो: सर, आज्ञा सातव्या रकान्यापासून सुरू करावी लागते. तुम्ही पहिल्यापासून केलीत. पहिल्या पाच रकान्यांत फक्त आज्ञेचा नंबर.

चोपडीत हे असेलही, पहिल्या नमुन्यापाशी. मी अकराव्यापासून सुरुवात केल्यामुळे माझ्या वाचनात आलं नाही. पण पहिल्या रकान्यापासून लिहिणं हेच शुद्धलेखन. आयुष्यभर पोरांना कागद वाया घालवू नका म्हणून शिकवलं आणि यंत्राला मात्र सहा रकाने मोकळे हवेत.

असो. पुन्हा लिहिणार. आजच.

४ ऑगस्ट.

आज लिहायचं होतं. पाऊस. शीटा दमट झाल्या.

११ ऑगस्ट.

तापीला मोठा पूर. नदीकाठच्या प्रकाशा गावाकडून येणारं टपाल बंद. यात माझा दोष नाही. तरी शीटा तयार ठेवायला हव्या होत्या. तयार नाहीत, पण टपाल बंद असल्यामुळे त्यानं काही बिघडत नाही.

२५ ऑगस्ट.

लिहून टाकल्या. सातव्या रकान्यापासून.

कालीबाई येऊन बसली होती. छगनचं नवं पत्र हातात. वाचून दाखवलं: तब्येत बरी आहे, खोलीवर पाणी येतं, सरांचं काम करतो आहे. तिनं विचारलं, "मास्तर, मन्हा छगन तुमनं काय काम करस?" मी सांगितलं, तो भोकं पाडतो, विचार माझा असतो. तिनं मान डोलावली. जाताना कोथिंबिरीची जुडी ठेवून गेली. बायकोनं, वत्सलेनं, ती घेतली. मी नको म्हणालो होतो, पण जरा उशिरा.

१५ सप्टेंबर.

दुसरा निकाल. चुका एकोणीस. बेचाळीसवरून एकोणीस म्हणजे निम्म्याहून जास्त प्रगती. या हिशेबानं पुढच्या खेपेला नऊ, मग चार. म्हणजे नाताळापर्यंत चुका संपल्याच.

छगन लिहितो, की माझं शून्य आणि इंग्रजी 'ओ' अक्षर सारखंच दिसतं. तिकडे शून्यावर तिरपी रेघ मारायची पद्धत आहे. त्यानं अंदाजानं काही ठिकाणी ओळखलं, काही ठिकाणी चुकलं.

म्हणजे दोष माझ्या अक्षराचा नाही, त्याच्या अंदाजाचा आहे. शून्याचा शोध आपल्या देशात लागला. त्याच्या अंगावर काठी मारायला माझा हात धजत नाही.

१६ सप्टेंबर.

मारल्या काठ्या. वत्सला म्हणाली, शून्यच तर आहे, दुखणार थोडंच. ती धुळ्याकडची. चार वर्षं समजावतो आहे, की शिक्षकाच्या घरात अहिराणी बोलू नये. शांत असली की ऐकते.

२२ सप्टेंबर.

शीटा तिसऱ्यांदा. या वेळी नमुन्यात थोडी सुधारणाही केली. नुसती नक्कल करणं हे कारकुनाचं काम. मूळ नमुन्यात फुलाच्या त्रिज्येला 'आर' असं एकाक्षरी नाव आहे. मी तिथे माझं आडनाव घातलं, 'नेरकर'. इंग्रजीत नेमकी सहा अक्षरं, आणि यंत्र सहापर्यंतच चालवून घेतं. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

स्टाफरूममध्ये सांगितलं, की सव्वीस जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मुंबईच्या कॉम्प्युटरनं छापलेलं फूल लागेल. बाकीचे वह्या तपासत राहिले. चित्रकलेचे रतिलाल सर तेवढे म्हणाले, की आठ पाकळ्यांचं का. त्यांनी बोलता बोलता खडूनं फळ्यावर एक फूल काढलं. हात न उचलता. दहा सेकंद लागले असतील. लोक हसले.

रतिलाल तापीकाठचे गुजर. माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटे. पालकांशी त्यांच्याच बोलीत बोलतात, बाजारात थांबून चौकशा करतात. असल्या माणसांना लोकप्रियता लवकर मिळते. मला ती कधी नकोच होती.

१३ ऑक्टोबर.

तिसरा निकाल. चूक एकही नाही.

कागद उलगडला. अगदी मध्यभागी एक तारा. उजव्या कडेला आणखी एक. बाकी कागद कोरा.

तासभर बघत बसलो. मग उलगडलं. फुलाचा केंद्रबिंदू तयार झाला आहे आणि एका पाकळीचं टोक. दोन बिंदू मिळाले की रेषा निश्चित होते, हे भूमितीतलं पहिलंच विधान. पाया पक्का आहे. उरले ते तपशील.

छगनचं पत्र: "सर, 'आय'पासून 'एन'पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावात यंत्र फक्त पूर्णांक ठेवतं. अपूर्णांक टाकून देतं. 'नेरकर'चं पहिलं अक्षर 'एन'. त्यामुळे त्रिज्येची किंमत जवळजवळ प्रत्येक वेळी शून्य धरली गेली. मूळचं 'आर' ठेवलं तर फूल येईल."

म्हणजे यंत्राच्या मते पाव, अर्धा, पाऊण हे सगळं शून्य. वीस वर्षं मी अपूर्णांक शिकवतो आहे. हे यंत्र माझ्या वर्गात पाचवीत बसलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

नाव काढणार नाही. दुसरा मार्ग असतो, शोधायचा असतो.

१४ ऑक्टोबर.

दोन ताऱ्यांचा कागद मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला. मग विचारलं, नेरकर, कागदाची ही बाजू कोरी असेल तर परीक्षेला वापरता येईल का.

२७ ऑक्टोबर.

दिवाळी झाली. नकाशाचं काम पुढे ढकललं. आधी फूल.

नमुना बारकाईनं वाचला. निष्कर्ष असा की लिहिणाऱ्यानं पाल्हाळ लावला आहे. एक ओळ आहे: पन्नास ओळी छापून झाल्या का ते पाहा, झाल्या असतील तर थांब. ही कशाला? फूल पुरं झालेलं कुणालाही दिसतं. एवढ्या मोठ्या यंत्राला कळू नये? ती ओळ शीटवर खोडून काढली. नमुना एकदम सुटसुटीत झाला. 'नेरकर' ठेवलं.

छगनला ताकीद दिली, की या वेळी माझं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं पंच कर. तुझ्या बुद्धीनं काही बदलू नकोस.

१७ नोव्हेंबर, रविवार.

पोस्टमननं भलं मोठं पुडकं आणलं. आनंद लपवता आला नाही. वत्सलेला हाक मारली. उघडलं.

दोन तारे. खाली तशाच कोऱ्या ओळी. मग पानंच्या पानं निरनिराळ्या अक्षरांचा, आकड्यांचा खच. कशाचा कशाला मेळ नाही. छगननं नमुन्यादाखल साठ पानं पाठवली. सोबत चार ओळी: यंत्र छापतच राहिलं. ऑपरेटर जेवायला गेला होता. कागदाचा अख्खा खोका संपला तेव्हा थांबलं. साहेबांनी कुणाचं काम म्हणून विचारलं. मी माझं म्हणून सांगितलं.

मुलगा प्रामाणिक आहे. म्हणजे गुरूशी.

साठ पानं मात्र पाहण्यासारखी आहेत. एवढं माझ्या हातून आजवर कधी छापून आलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर.

कालीबाई आली. तिलाही एक पाकीट होतं. वाचलं. छगननं आईला लिहिलं होतं, की कामावर जरा चूक झाली, साहेब नाराज आहेत, मेमो दिला आहे. तू काळजी करू नको, होईल नीट.

म्हातारी दारात बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय लिखेल शे, मास्तर?"

मी म्हणालो, साहेबांनी छगनच्या कामाची दखल घेतली आहे. लेखी.

हे शब्दशः खरं आहे. मेमो म्हणजे लेखी दखलच. तिच्या मनाला विनाकारण त्रास कशाला? ती उठली, जेठमलशेठच्या दुकानातून गूळ आणला आणि गल्लीत वाटला. आमच्या घरीही एक खडा आला. वत्सलेनं ताटलीत तसाच ठेवला. कुणी खाल्ला नाही. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

३ डिसेंबर, मंगळवार.

छगनचं पत्र. या वेळी फक्त मला. लांब.

चौकशी लागली आहे. कागद वाया गेला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणाचं संशोधनाचं काम दोन तास अडलं. छगन टेम्पररी. वर्षाअखेरीला कायम करणार होते, आता काढूनही टाकतील. पण साहेब वाईट नाहीत. म्हणाले, काम खरंच कुणा शिक्षकाचं असेल, अभ्यासाचं असेल, आणि त्यानं तसं लिहून दिलं तर बघू. "सर, दोन ओळी लिहा. नमुना तुमचा, तुमच्या सांगण्यावरून मी चालवला, ओळ तुम्ही काढली होती. एकतीस डिसेंबरच्या आत साहेबांना मिळायला हवं. आईला काही सांगू नका."

अर्थात लिहिणार. यात विचार करण्यासारखं काही नाही. उद्याच.

४ डिसेंबर.

पत्र इंग्रजीत हवं. मुंबईची संस्था. इंग्रजी निर्दोष हवं. घाईत लिहिलेलं पत्र छगनचं नुकसान करील.

८ डिसेंबर.

पहिला मसुदा. "ओळ मी काढली" याला योग्य इंग्रजी सापडत नाही. 'काढली' म्हटलं की चूक केल्यासारखं वाटतं. मी चूक केलेली नाही. मी सुटसुटीत केलं.

११ डिसेंबर.

शाळेच्या लेटरहेडवर लिहिलं तर वजन पडेल. पण मग जावक रजिस्टरला नोंद होणार. मुख्याध्यापक वाचणार. जेठमलशेठपर्यंत जाणार. जानेवारीत माझं नाव पुढे येणार, आणि डिसेंबरात माझ्याच सहीनं कबुली, की नेरकरांनी मुंबईचा खोकाभर कागद वाया घालवला. हे कुणाच्याच हिताचं नाही. मुख्याध्यापक झालो तर छगनसाठी दहा गोष्टी करता येतील.

१५ डिसेंबर.

वत्सलेनं विचारलं, पत्र गेलं का. म्हटलं, मसुदा चालू आहे. ती म्हणाली, बारा दिवस? तिला इंग्रजीतल्या खाचाखोचा काय कळणार.

१९ डिसेंबर.

सर्दी.

२२ डिसेंबर, रविवार.

वत्सला आज अहिराणीत बोलली. "लिखी टाका ना एक कागद. तुमना मोठेपणामा त्या पोऱ्याना सत्यानाश व्हई जाई." मग दिवसभर बोलली नाही. अशा वातावरणात लेखन होत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ३.

पत्र झालं. अडीच पानं. माझ्या आजवरच्या इंग्रजीत हे सर्वोत्तम.

सुरुवात ग्रामीण भागात यंत्रगणिताच्या प्रसाराची गरज, इथून. मग माझा परिचय, शिबिर, फुलाचं समीकरण. मग मुद्द्यावर: नमुना माझा होता, असं स्पष्ट लिहिलं. मागेपुढे पाहिलं नाही. ओळीबद्दल थेट न लिहिता असं म्हटलं, की माझ्या हस्तलिखितातून कार्डावर उतरवताना काही भाग गळला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अनुभव कमी असलेल्या हातांकडून असं होतं, तरी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहावं, अशी शिफारस केली. शेवटी महाराष्ट्राच्या नकाशासाठी यंत्राचा वेळ मिळेल का, अशी विचारणा.

'शक्यता' म्हटलं आहे. आरोप नाही. सगळ्यांचं राखलं गेलं.

स्वतः पोस्टात टाकून आलो. सोमवारी पोचेल. मुदत मंगळवारची. मन हलकं झालं.

१ जानेवारी १९६९, बुधवार.

नवीन वर्ष. पहाटे उठलो. साडेसातला.

२२ जानेवारी.

फूल आलं.

आठ पाकळ्या. पाकळी न् पाकळी सारखी. जवळून बघितलं तर नुसते तारे, दोन हातांवर धरलं की फूल. तीनदा घडी घातली, तीनदा उलगडलं. हे मान्य करायला हरकत नाही.

छगनची चिठ्ठी: "सर, नमुना अकरा पुस्तकातून जसाच्या तसा पंच केला. या वेळी साहेबांना विचारून चालवला. संमेलनाला उपयोगी पडेल. माझं इथलं काम एकतीस तारखेला संपतं. आईला मी आल्यावर सांगेन."

काम संपतं, म्हणजे हातातलं एक काम संपून दुसरं मिळत असावं. साहेबांना विचारून चालवला याचाच अर्थ माझ्या पत्रानं त्यांचं मन वळवलं. वत्सलेला चिठ्ठी दाखवली. तिनं वाचून परत दिली आणि आत गेली.

२६ जानेवारी, रविवार.

स्नेहसंमेलन. फूल पुठ्ठ्यावर चिकटवून मधल्या भिंतीवर. खाली मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं: रचना, पं. गो. नेरकर.

जेठमलशेठ समोर थांबले. मी समीकरण सांगू लागलो. ते दोन मिनिटं ऐकत उभे होते. मग म्हणाले, सुंदर आहे, लुगड्याच्या काठावर शोभेल. पुढे सरकले. पुढे रतिलाल सरांनी पोरांकडून काढून घेतलेली चित्रं होती. बैलबाजार, काठी गावची होळी, अंगणातली कोंबडी. तिथे पालकांची गर्दी. जो तो आपल्या पोराचं चित्र शोधत होता.

माझ्या फुलापाशी एकच बाई बराच वेळ उभी होती. कालीबाई. नवं लुगडं नेसून आली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती, "हाई फूल मन्हा छगननी काढेल शे. मुंबईथून धाडं." तिथून शाळा तपासणीचे साहेब येत होते. गैरसमज पसरला असता. मी पुढे होऊन सगळ्यांसमोर समजावलं, की बाई, छगननं नुसती भोकं पाडली. चित्र माझं आहे. खाली नाव आहे बघा.

ती खालच्या अक्षरांकडे बघत राहिली. मग पदर सारखा केला आणि बाजूला झाली.

सत्य सांगणं कधीकधी कठोर वाटतं. साहेब मात्र फुलाकडे न बघताच चहाला गेले.

१० फेब्रुवारी.

एप्रिलपासून मुख्याध्यापक, रतिलाल.

यात राजकारण आहे. काय आहे ते लवकरच कळेल. रतिलाल स्वतः घरी आले. म्हणाले, तुम्हीच हवे होतात, मी शेठना तसं सांगितलं होतं. असं सांगून कोण जागा घेतो? चहा दिला. साखर कमी पडली.

१६ फेब्रुवारी, रविवार.

छगन आला. सकाळी दारात उभा. बारीक झाला आहे. हातात एक पिशवी. माझ्या उरलेल्या कोडिंग शीटा परत द्यायला आला होता. कोऱ्या.

नोकरी गेली. मी म्हणालो, हे अन्याय्य आहे, मी एवढं पत्र लिहिलं होतं. पोचलंच नसेल. पोस्ट खात्याचा कारभार.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भेटनं व्हतं त्यासले, सर."

सोमवारीच मिळालं होतं. साहेबांनी त्याला बोलावून वाचून दाखवलं. विचारलं, तुझे सर म्हणतात ओळ तुझ्याकडून गळली, खरं का? छगनपाशी माझ्या हातची शीट होती. खोडलेली ओळ त्यावर दिसत होती. टेबलाच्या खणातच होती, म्हणाला.

मी विचारलं, मग दाखवली का नाहीस.

तो म्हणाला, "तुमनं नाव व्हतं ना सर तिले."

म्हणालो, शिकण्याचं वय आहे तुझं, प्रयत्न चालू ठेव. वत्सलेनं त्याला आत बोलावून जेवू घातलं. मी ओट्यावर बसून शीटा मोजल्या. एकोणतीस होत्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता. ती दोघं अहिराणीत बोलत होती.

१८ फेब्रुवारी.

साहेबांना दुसरं पत्र लिहिणार. यात सगळं स्पष्ट. ओळ मी काढली, एवढंच. एका वाक्याचं.

२३ फेब्रुवारी.

वाक्य तयार आहे. पण आता जागा भरली असेल. अशा वेळी पत्र म्हणजे त्यांना पेचात टाकणं. शिवाय छगननं तसं मागितलेलं नाही.

२ मार्च, रविवार.

अर्धा गाव काठीच्या होळीला निघाला आहे. रतिलाल सर मुलांना घेऊन जाणार, चित्रं काढायला. मला विचारलं. फोरट्रानचं काम आहे म्हणालो.

चोपडी उघडली नाही.

९ मार्च, रविवार.

बाजारात गेलो होतो. कालीबाईच्या जागी छगन बसला होता. समोर वांगी, मेथी, कांद्याची पात. म्हातारीला ताप आहे म्हणाला. तिच्या घरी आता पत्र यायचं कारण नाही, त्यामुळे मला काही कळलं नव्हतं.

मी वळणार होतो. त्यानं पाहिलं. तराजू खाली ठेवून उठला, हात पुसले आणि भर बाजारात वाकून पाया पडला. गिऱ्हाइकाला सांगितलं, "हाई मन्हा सर शेतस. गणितना."

आशीर्वाद देतात तो दिला. मग उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं. वांग्याचा भाव विचारावासा वाटला, तोही विचारला नाही. तसाच परतलो.

वत्सलेनं रिकामी पिशवी हातातून घेतली आणि भाजी कुठे म्हणून विचारलं. मी म्हणालो, चांगली नव्हती.